हात खाली असेपर्यंत

हळूबाई कधी ओरडत नसत. हे नाव त्यांना शाळेच्या फाटकाशी ताटकळणाऱ्या आयांनी ठेवलं होतं, आणि त्यात कौतुकच जास्त होतं. शेजारच्या वर्गातल्या बाई घसा फोडायच्या, पट्टी आपटायच्या, तरी पोरांचा बाजार भरलेलाच. इकडे गलका वाढला की हळूबाई आपला आवाज आणखी खाली न्यायच्या. पोरं कान टवकारून आपोआप गप्प व्हायची. आणि त्यांनी डावा तळहात टेबलावर पालथा टेकवला की वर्ग चिडीचूप. हात उचलेपर्यंत बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही.

"नुसत्या घशानं वर्ग सांभाळता येत नाही," त्या पालकसभेत म्हणाल्या होत्या. "खांदे, मान, हात. मुलं आधी हे वाचतात, मग आपले शब्द."

टकळीच्या आईला ते अगदी पटलं. लेकीला टकळी हे नाव काही उगीच पडलं नव्हतं. डोळा उघडला की तोंड सुरू. संध्याकाळपर्यंत आईचा घसा बसलेला असायचा. सभेहून घरी आल्यावर तिनं गंमत म्हणून जेवणाच्या टेबलावर तळहात पालथा टेकवला. टकळी अर्ध्या शब्दावर थांबली, नळ बंद करावा तशी. आई लगेच हात उचलणार होती. पण खोटं कशाला बोला, कितीतरी दिवसांनी तिनं चहा गरम असताना प्यायला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तसंच केलं. मग ते रोजचंच झालं.

आणि एके दिवशी शाळा सुटली, बाकीचे वर्ग दंगा करत बाहेर सांडले, पण हळूबाईंचा वर्ग काही सुटेना. आतून हूं नाही की चूं नाही. व्हरांड्यात आया उभ्या.

"आमच्या जुळ्यांना दोरीनं बांधलं तरी घरी अशी बसायची नाहीत," जुळ्यांची आई म्हणाली. "मी तर म्हणते, बाईंनाच घरी न्यावं."

"ने की, नवऱ्यालाही जरा वळण लागेल!"

सगळ्या हसल्या. टकळीची आई तेवढी हसली नाही. तिचा स्वभावच मेला तसा. टेबलाच्या कडेला ग्लास दिसला की तिला आधी फुटलेल्या काचा दिसायच्या. ती दाराच्या काचेला नाक लावून आत बघू लागली.

बाई खुर्चीत होत्या. मान जरा खाली, तळहात टेबलावर. पोरं ताठ बसलेली. पहिल्या बाकाखाली ओल पसरली होती आणि त्या बाकावरचा मुलगा आवाज न करता रडत होता. बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. कुणाकडेच बघत नव्हत्या.

तिनं कडीला हात घातला तसा जुळ्यांच्या आईनं तिचा दंड धरला. "अगं, आत कुठे घुसतेस? हात खाली आहे अजून. रागावतील."

आणि टकळीची आई थांबली. चांगली कॉलेज शिकलेली बाई, पण थांबली. पुढे तिला राहून राहून तेच टोचत राहिलं.

मग तिनं दार ढकललं. "बाई? अहो बाई?"

बाईंच्या तोंडाची एक बाजू ओघळली होती. हनुवटीवरून लाळ गळत होती.

"शिपाईकाका! धावा, कुणीतरी गाडी बोलवा!" ती किंचाळली. मागून आया धावल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पदरानं वारा घातला. पोरं मात्र तशीच. टकळीसुद्धा. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या त्या हातावर. शेवटी आईनं तो मनगटाशी धरून उचलला. भिजल्या गोधडीसारखा जड होता.

"मला शू लागलीये!"

"बाईंचं तोंड वाकडं झालंय!"

"मी आधी बघितलं!"

"हट्, मी आधी!"

सगळ्यांनी बघितलं होतं.

बाई वाचल्या, पण वाचा गेली. "जरा लवकर आणलं असतं तर..." डॉक्टरांनी वाक्य तिथेच सोडलं. मुख्याध्यापिकांनी सभा बोलावली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं होऊनसुद्धा एक मूल जागचं हललं नाही! याला म्हणतात वर्गावर पकड. बाईंची आठवण म्हणून ही पद्धत आता आपण प्रत्येक वर्गात आणणार आहोत." माना डोलल्या. टाळ्याही पडल्या.

घरी आल्यावर आईनं लेकीला समोर बसवलं.

"बाईंना बरं नाहीये, हे तुला कळलं होतं ना गं?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीस?"

"हात खाली होता ना, आई!" एवढंही कसं कळत नाही, अशा सुरात टकळी म्हणाली.

"आणि समजा, मीच अशी पडले घरात, तर?"

टकळीनं खरंच विचार केला. "तुझा हात कुठे असेल?"

"कुठेही असू दे! कुठेही असला तरी ओरडायचं, राणी. आत्ता ओरड बघू. आई म्हणून, मोठ्यांदा."

टकळीनं तोंड उघडलं आणि आधी आईच्या हातांकडे बघितलं. आईनं हात पाठीमागे लपवले. टकळीची नजर खांद्यांवर गेली. आईनं खांदे सैल सोडले. नजर मानेवर आली, मग भुवयांवर. भुवया कुठे ठेवाव्यात ते आईला कळेना. शेवटी ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आता ओरड."

मागे काहीच हललं नाही. ती वाट बघत राहिली, आणि लेकीचा श्वाससुद्धा तिला ऐकू येईना.