शंभर वर्षांचा लिफाफा

रविवारच्या जेवणाचे बटाटे बाजूला सारून नॉरिसने टेबल दोनदा पुसलं आणि जनगणनेचा जांभळा अर्ज उलगडला. गॅसच्या बिलामागे त्याने आधी आपलं नाव चार वेळा गिरवून पाहिलं होतं. हा अर्ज आता शंभर वर्षं कुलपात राहणार होता. २१११ साली तो बाहेर निघेल तेव्हा कुणा अजून न जन्मलेल्या संशोधकाला आपलं अक्षर लावायला भिंग घ्यावं लागू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

गॅस खात्यातून निवृत्त झालेला नॉरिस बर्नलीच्या वाचनालयात दर गुरुवारी जुन्या शिरगणत्या वाचत बसे. सव्वीस वर्षांत त्याने निम्म्या गावाची कुळं उकरली होती, तीही कुणी न सांगता. खाटकाचा पणजोबा भिक्षेकरीगृहात मेला, पाद्रीबाईंच्या आजीने एका वेळी दोन नवरे केले, हे त्याने त्या त्या माणसांना नकलेसह, फुकटात आणि चार लोकांत सांगितलं होतं. लोक आभार मानत आणि पुढच्या वेळी रस्त्याच्या पलीकडून जात. गावातल्यांची नजर कमजोर होत चालली आहे, असं नॉरिसचं मत होतं.

दोन वर्षांपूर्वी १९११ची शिरगणती खुली झाली आणि त्याच वर्षी त्याची सासू एडना शंभरीची झाली. असा योग वाया घालवणाऱ्यांतला नॉरिस नव्हता. वृद्धाश्रमात केक कापून झाल्यावर त्याने चौकटीत बसवलेली नक्कल तिच्या मांडीवर ठेवली. एडनाच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने भरलेला कागद. त्या साली बायकोला मुलं किती झाली, किती गेली, किती उरली, हेही लिहावं लागे. वडिलांनी लिहिलं होतं: झाली आठ, गेली चार, उरली चार. आणि वर नावं होती पाच मुलांची.

नावं लिहिताना माणूस खोटं बोलतो, आकडे लिहिताना मात्र खोटं बोलायचं विसरतो, असं नॉरिसने केकच्या चमच्याने दाखवून समजावलं. पाचवं नाव दोन वर्षांच्या एडनाचं होतं. सगळ्यात वर होती हेटी. वय एकोणीस, मागावर कामाला, अविवाहित.

"आई, हेटी तुमची बहीण नव्हती," तो म्हणाला. "ती तुमची आई."

एडनाने हेटीच्या नावावर बोट ठेवलं.

"हेटीच्या मातीला मी गेले नव्हते," ती म्हणाली. "वडिलांचं घड्याळ कुणी ठेवायचं, यावरून बोलणं बंद होतं आमचं."

तिने केक खाल्ला नाही. त्यानंतर ती फारसं बोललीही नाही, आणि अकराव्या आठवड्यात गेली. नॉरिसने त्याच संध्याकाळी वंशावळीत तारीख भरली. शेवटी का होईना तिला आई मिळाली, असं त्याने दफनानंतरच्या चहापाण्याला सगळ्यांना सांगितलं. त्याची बायको मेवीस तेव्हा सँडविचचं तबक फिरवत होती. तिने त्याच्यापुढेही तबक धरलं.

आता आपलं पान संपवून तो मेवीसच्या पानाशी आला.

"तब्येत काय लिहू? चांगली की खूप चांगली?"

"माझं राहू दे," मेवीस म्हणाली. "मी वेगळा अर्ज मागवलाय."

पावाच्या डब्यामागून तिने एक अर्ज आणि त्याचा स्वतंत्र लिफाफा काढला. घरातल्यांना आपली उत्तरं दाखवायची नसतील तर असा अर्ज मिळतो. फोनवरच्या मुलीने कारणसुद्धा विचारलं नव्हतं.

नॉरिस हसला. म्हणाला, लपवायला तुझ्याकडे आहे काय? तुला तर नाताळची भेटसुद्धा लपवता येत नाही.

"मग झालं तर," असं म्हणून मेवीस पुढच्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

अर्ज भरायला तिला नऊ मिनिटं लागली. विवाहित. नवरा नॉरिस. तब्येत चांगली. धर्म ख्रिस्ती. काम निवृत्त. नॉरिसने भरलं असतं तरी यात काडीचा फरक पडला नसता. तिने लिफाफा चिकटवला. मग हात मांडीवर ठेवून आजोबांच्या घड्याळाकडे बघत ती आणखी पाऊण तास बसून राहिली.

"एवढा वेळ?" ती बाहेर येताच नॉरिसने विचारलं.

"आठवून आठवून लिहावं लागलं."

कोपऱ्यावरच्या पेटीत लिफाफा टाकायला ती स्वतः गेली. नॉरिस खिडकीतून बघत होता. ती परतली, हात धुतले, बटाटे ओव्हनमध्ये सरकवले. तो तिच्या मागेमागे फिरत होता.

"आता तरी सांग."

"शंभर वर्षांनी कळेल की."

"तेव्हा मी असेन का, बाई?"

"आई थांबली होती शंभर वर्षं," मेवीस म्हणाली.

पाच वाजता नेहमीप्रमाणे लीड्सहून मुलाचा, स्टुअर्टचा फोन आला. फोनच्याच वर त्याचा फोटो होता. कान थेट नॉरिसचे, तसेच पसरट. नॉरिस त्याच्याशी फार बोलला नाही. मेवीसला फोन देऊन तो वर गेला. थोड्या वेळाने दाखल्यांचा खण उघडल्याचा आवाज आला.

जेवायला तो उशिरा उतरला. ताटाशेजारी त्याने स्टुअर्टचा जन्मदाखला ठेवला. मार्च १९७१. टेबलाखाली त्याची बोटं एकेक करून मिटत होती.

"सत्तर सालच्या जूनमध्ये मी ट्रेनिंगला न्यूकॅसलला होतो ना गं?" त्याने विचारलं. "सहा आठवडे?"

"सात," मेवीस म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.