कातडीखालची धमनी

"मॅडम, ही धमनी इथं कशी काय?"

गुंजनचा प्रश्न ऐकून डॉ. माधवी पाझारे टेबलाजवळ आली. वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात ती नऊ वर्षांपासून शरीररचना शिकवत होती. पहिल्या वर्षाची मुलं त्या आठवड्यात शवविच्छेदनात हात उघडत होती. टेबलावरचा देह देवळीच्या एका निवृत्त शिक्षकांचा होता. मरण्याआधी त्यांनी स्वतःच देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता.

गुंजनने कोपरापाशी फक्त कातडी बाजूला केली होती. स्नायूंना अजून हात लागला नव्हता, आणि तरीही लाल रंग भरलेली एक धमनी समोर दिसत होती. दंडातून येणारी मोठी धमनी कोपराच्या खाली दोन वाटांनी जाते. अंगठ्याच्या बाजूने रेडियल, करंगळीच्या बाजूने अल्नार. अल्नार स्नायूंच्या खोल थराखालून जाते, असं माधवीनेच आदल्या दिवशी फळ्यावर काढून दाखवलं होतं. इथे ती दंडातच वेगळी झाली होती आणि सगळ्या स्नायूंच्या वरून, इंजेक्शनसाठी आपण जी शीर शोधतो तिला खेटून, खाली मनगटाकडे गेली होती.

"काही लोकांत असते अशी," माधवी म्हणाली. "शंभरात दोन-तीन."

तिने नकळत अंगठा त्या धमनीवर ठेवला, आणि अंगठ्याखाली ठोका लागला. मग आणखी एक. सात महिन्यांपूर्वी मेलेल्या माणसाच्या कोपरात नाडी चालू होती.

तिने हात झटकन मागे घेतला. नाडी अंगठ्याने बघू नये, अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, हे ती दर वर्षी मुलांना सांगायची. तरी तिने तो अंगठा अ‍ॅप्रनला पुसला. हॉलमध्ये चाळीस मुलं बोलत होती, पण तिच्या कानात एकच आवाज होता. बारा वर्षांपासून तो येत होता. भाजी चिरताना यायचा, कोणाचा हात हातात घेतला की यायचा.

"बाई, जळून राह्यलं. बोटाइत जळून राह्यलं."

तेव्हा माधवी इंटर्न होती. गावाकडच्या एका छोट्या दवाखान्यात तिची ड्यूटी होती. वडनेरच्या अनुसयाबाई उलट्या होतात म्हणून आल्या होत्या. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायच्या, काज-बटण हाताने करायच्या. बाहेर पन्नास-साठ पेशंट उभे होते. माधवीने उजव्या दंडाला पट्टा बांधला, बोटाने कोपरातली शीर चाचपली. ती शीर उडत होती. उडते ती शीर नसते, धमनी असते, हे तिला माहीत होतं. पण धमनी एवढी वर कशी असेल, असं मनाशी म्हणून तिने सुई घातली. सिरिंजमध्ये लालभडक रक्त आपोआप वर चढलं. तेही तिने पाहिलं. मग तिने उलटीचं औषध आत ढकललं.

अनुसयाबाई ओरडल्या. "थोडं जळतंच," असं म्हणत माधवीने सिरिंज पूर्ण रिकामी केली.

संध्याकाळपर्यंत बोटं पांढरी पडली, दुसऱ्या दिवशी निळी. अंगठा आणि तर्जनी रेडियलच्या रक्तावर वाचली. उरलेली तीन बोटं महिन्याभरात काळी पडून कापावी लागली. मोठ्या डॉक्टरांनी केसपेपर पाहिला आणि रक्त गोठण्याचा काहीतरी दोष असेल, असं घरच्यांना सांगितलं. माधवी तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही. पुढे तिने पेशंट तपासायचं काम सोडलं आणि जिथे कोणी ओरडत नाही असा विषय घेतला.

"दुसऱ्या हातातही अशीच असेल का?" गुंजनने विचारलं.

"उघडून बघ."

तासाभराने दुसरा हातही उघडला. तिथेही लाल धमनी कातडीखालीच होती. माधवी ती बघत राहिली आणि मग तिला आठवलं. अनुसयाबाईंचा डावा हात अजून शाबूत होता. कधी ना कधी कोणीतरी त्यालाही पट्टा बांधणार होतं.

शनिवारी सुट्टी टाकून ती हिंगणघाटवरून वडनेरला गेली. नाव विचारताच पानठेल्यावरच्या माणसाने घर दाखवलं. "तीन बोटं नाई त्या ना? ते काय, हिरवा दरवाजा."

दार अनुसयाबाईंच्या मुलीने, रोशनीने उघडलं. ती माहेरी आली होती. आत खाटेवर अनुसयाबाई बसल्या होत्या. साठीच्या, बारीक झालेल्या. उजवा हात पदराखाली होता.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "पन ओळखलं नाई मी तुमाले."

माधवी बसली नाही. "बारा वर्षांपूर्वी तुम्हाला इंजेक्शन मी दिलं होतं."

 रोशनी आईकडे बघत होती.

"काऊन आल्या मंग आता?" अनुसयाबाईंनी विचारलं.

माधवीने सगळं सांगितलं. शीर उडत होती, ते आपल्याला कळलं होतं. रक्त लालभडक होतं, तेही दिसलं होतं. तुमच्या रक्तात कधीच काही दोष नव्हता. औषध धमनीत गेलं आणि ते मी दिलं.  शेवटी ती म्हणाली, "डावा हात बघू द्या. त्यासाठी आले."

अनुसयाबाईंनी हात पुढे केला. कोपराच्या खळगीत, कातडीखाली, एक रेघ हळूहळू उडत होती. नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. माधवीने त्यांना मूठ घट्ट वळायला सांगितली, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून धरल्या आणि मूठ उघडायला लावली. तळहात मेणासारखा पांढरा झाला होता. मग तिने करंगळीकडच्या धमनीवरचं आपलं बोट उचललं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत गुलाबी रंग पसरत गेला.

"या एका धमनीचं रक्त अख्ख्या हातात जातं," माधवी म्हणाली. "इथे कोपरात कोणालाही सुई घालू देऊ नका. कधीच."

"सोमवारी आईचं ऑपरेशन आहे," रोशनी घाईघाईने म्हणाली. "पित्ताच्या खड्यांचं, हिंगणघाटले. सलाईन याच हाताले लावतीन ना? तो हात तं तसा आहे."

"मी येते सोमवारी."

अनुसयाबाईंचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्या भिंतीकडे बघत होत्या. "मंग ते करनी नोती?" त्यांनी विचारलं.

"कसली करणी?"

"माई जाऊ, नलू. त्याच आठवड्यात आमचं भांडन झालतं, वाटनीवरून. रक्तात दोष आहे म्हने डाक्टर. घरात कोनाच्याच रक्तात दोष नाई, मंग मले एकटीलेच कसा? लोक म्हनले, नलूनं केलं. मीबी म्हनलं. साऱ्या गावात म्हनलं. तिच्या घरी जानं-येनं, पानी पेनं तोडलं लोकाइनं." त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "रात-रात दारात येऊन रडे. बाई, म्या काई नाई केलं, म्हने. मी दार नाई उघडलं. तीन वर्सं झाली तिले जाऊन. दोन घरं सोडून घर तिचं. मी मातीले नाई गेली."

 नलूचं नाव माधवीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

"तुमी एक शब्द बोलल्या असत्या," अनुसयाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. राग आला असता तर माधवीला सोपं गेलं असतं.

सोमवारी सकाळी माधवी हिंगणघाटच्या त्या दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर होता होता राहिला. बस वाटेत थांबली होती. ती वॉर्डात शिरली, तर नर्सने डाव्या दंडाला पट्टा बांधलेला होता.

"मस्त दिसून राह्यली नस," नर्स म्हणत होती. तिचं बोट नेमकं त्या उडणाऱ्या रेघेवर होतं.

माधवी पुढे धावली, पण त्याआधी अनुसयाबाईंनीच हात ओढून छातीशी घेतला. "इथं नाई! इथं सुई नाई घेत मी!"

नर्स वैतागली. भूल देणारे डॉक्टर आले. माधवीने त्यांना समजावलं. त्यांनी कोपरावर दोन बोटं ठेवली, बराच वेळ तशीच ठेवली आणि नर्सला म्हणाले, "पट्टा सोडा. हाताच्या पाठीवर घ्या, मी स्वतः लावतो." केसपेपरवर त्यांनी लाल पेनाने मोठ्या अक्षरात तसं लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी अनुसयाबाई घरी आल्या आणि त्यांनी रोशनीकडून माधवीला फोन लावून घेतला. फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुमी या. एका जागी चालाचं आहे."

ती जागा दोन घरं पलीकडे होती. नलूचा मुलगा हरिदास अंगणात मोटरसायकल धूत होता. मोठी माय, त्याची थोरली काकू, फाटकातून आत येताना पाहून तो उभा राहिला, पण या म्हणाला नाही. बारा वर्षांत अनुसयाबाई त्या अंगणात आल्या नव्हत्या.

"सांगा त्याले," अनुसयाबाई म्हणाल्या. "मले सांगतलं तसंच."

माधवीने भर दुपारी, अंगणात उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं. शेजारच्या दोन बायका कुंपणापाशी येऊन थांबल्या. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती बोलली. हरिदासच्या हातात पाण्याचा पाइप तसाच वाहत होता.

"हे तुमी माय जिती असतानी सांगतलं असतं तं?" त्याने विचारलं.

"हो," माधवी म्हणाली. 

"माय शेवटी शेवटी कोनाशीच बोले ना. आपल्याच हाताकडे पाहत बसे. माया हातात काई आहे का रे, मले इचारे."

तो आत गेला. तो दार लावून घेईल असं माधवीला वाटलं, पण दार उघडंच राहिलं. अनुसयाबाई चप्पल काढून आत गेल्या. भिंतीवर नलूचा फोटो होता. नाकात मोठी चमकी, पदर डोक्यावरून, फोटो काढणाऱ्यावर विश्वास नसल्यासारखे डोळे. अनुसयाबाईंनी दोन बोटांचा हात त्या काचेवर ठेवला आणि खाली बसल्या. त्यांचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. माधवी उंबरठ्याबाहेर उभी राहिली. तिला आत बोलावणारं कोणी नव्हतं.

आता हरिदास मोठ्या मायला औषधं आणून देतो. कधी दवाखान्यात घेऊन जातो. माधवी महिन्यातून एकदा वडनेरला जाते. पहिल्यांदा परत निघताना अनुसयाबाई तिला म्हणाल्या होत्या, "माफ केलं असं मी नाई म्हननार. नलूचं माफ करनं तं माया हातात नाई." आणि मग पहिल्यांदाच एकेरीवर येऊन, "पन येत जाजो."

हरिदास अंगणात असला आणि माधवी दिसली की तो आत जातो. जळून राह्यलं म्हणणारा आवाज माधवीला आता क्वचितच ऐकू येतो. त्या जागी चमकीवाली एक बाई येते, जिला ती कधी भेटली नाही. ती काही म्हणत नाही. दोन्ही तळहात उघडून माधवीपुढे धरते आणि बघायला सांगते.