काळ्या डब्यातली बाजरी

मित्रांनो, मी एक जुना काळा डबा आहे. जुना फक्त वयानं. ज्या कामासाठी मला घडवलं, ते काम संपतआप्पांच्या घरानं मला बरीच वर्षं करूच दिलं नाही.

मांडवगण फराट्यात ग्रामपंचायतीनं घरोघरी तीन डबे वाटले. पंचायतीच्या प्रतिभाताई ओसरीवर बसून समजावून गेल्या. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका आणि माझ्यात घातक ते सगळं. ब्लेड, सुया, सेल, फवारणीच्या बाटल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईंची पाठ वळताच आप्पांच्या बायकोनं, झुंबरबाईंनी मला घासलं, हळदीकुंकू लावलं आणि गळ्यापर्यंत बाजरी भरली. झाकण घट्ट बसतं, उंदीर लागत नाही, एवढंच माझं कौतुक. असलं कौतुक चुलीत घाला.

आप्पा रोज ओट्यावर दाढी करत. जुनं ब्लेड कुठं टाकायचं, असं झुंबरबाईंनी विचारलं. आप्पा सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांना न कळणारं जगात काही नाही.

"पानी लागलंय त्याला," ते म्हणाले, "म्हंजी ओल्यातच जानार."

हिरवा डबा संध्याकाळी चांदीच्या घमेल्यात रिकामा होई. चांदी म्हणजे गाय. तिची आई गेल्यावर झुंबरबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. भाजीच्या देठांबरोबर ब्लेडही घमेल्यात पडलेलं मी दारातून पाहिलं. डब्याला तोंड असतं, बोलता येत नाही.

चांदीनं चारा सोडला. पाठ वाकवून उभी राही, कण्हे. या शहाण्यांनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या, शेजारच्या तानुबाईला नावं ठेवली. एवढं सगळं उरकल्यावर डॉक्टरांना बोलावलं. चांदी त्याच दिवशी गेली. डॉक्टरांनी पोट उघडून गंजलेलं अर्धं पातं आप्पांच्या तळहातावर ठेवलं. चेअरमनसाहेब ते उलटसुलट करून बघत राहिले. मला त्यांची कीव आली नाही. आली ती चांदीची.

झुंबरबाईंनी सगळी बाजरी पोत्यात ओतली आणि मला ओसरीवर आणून ठेवलं.

"आता तुमच्या हातानं टाका," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

रिकाम्या पोटात पातं खणकन वाजलं. माझं पहिलं काम ते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ धान्य सांभाळत बसला असेल. त्याचं कुंकू पुसा, त्याला ब्लेड द्या, सुया द्या, त्यासाठीच तो आहे. आमच्या गोठ्यात आता नुसतं दावं उरलंय. झुंबरबाई ते सोडू देत नाहीत.