धुतलेलं बी

खुरटलेली रोपं तपासून घेऊन वहिनी प्रयोगशाळेतून परतली ती तडक नर्सरीच्या ऑफिसात शिरली. चिखलाचे बूट तिने मुद्दामच पुसले नाहीत. धाकट्या दिराला ते खपत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नर्सरीतल्या बायका त्याला मागून ‘फिनेल’ म्हणत. कुंडी धू, कात्री उकळ, हात दाखव! इथवर वहिनीने सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण आता त्याने तिच्या आईच्या झुडपाला हात घातला होता. पानांच्या कडेला बारीक गाठी असलेलं, लाल फळांचं ते झुडूप आईने तिला सासरी येताना दिलेलं. उन्हाळ्यात ते वठलं. तिच्या समजुतीने मागे राहिलं फक्त त्याचं बी, आणि गाठींचा रोग जावा म्हणून या शहाण्याने ते सगळंच्या सगळं कढत पाण्यात बुडवून काढलं, तिला न विचारता. रोपं उगवली, दोनचार पानं फुटली आणि तिथेच आखडून बसली.

“तो रोग नव्हता, भावजी,” ती म्हणाली. “गाठींत जिवाणू राहतात, झाडाच्या घरचेच. शेंड्यातून पानात, फुलातून बियात, असे ते पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतात. ते नसले की रोप खुरटतं. परत घालताही येत नाहीत. तुम्ही त्यांना शिजवून मारलंत.”

“म्हणजे पानांत जंतू होते हे खरंच ना?” फिनेलचा चेहरा उजळला. “मग मी वेगळं काय म्हणत होतो!”

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आईचं झाड संपलं! कळतंय का तुम्हाला?”

“उगाच आकांडतांडव करू नका.” त्याने टेबलावरची कुंडी पुढे सरकवली. “हे त्याच झाडाचं रोप, ते वठायच्या आधी तुम्हीच मला दिलेलं. विसरलात? एक तरी गाठ दाखवा. आणि वाढलंय की नाही झकास?”

रोप खरंच हातभर वाढलं होतं, आणि गाठ एकही नव्हती. वहिनी गोंधळली. तिने एक पान बोटांत धरलं. कड सरळ होती, नको तितकी सरळ, आणि तिथे तपकिरी रेघ वाळली होती. दुसऱ्या पानाचंही तेच.

“कात्रीने कापल्यात गाठी?”

“दर रविवारी, नखं कापतो तशा. बियांचं तसं करता येईना, म्हणून तर गरम पाणी.”

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. रागाने डोळे भरून आले. तेवढ्यात तिला शेंडा दिसला. तिथे एक कोवळं पान उलगडत होतं, अजून कात्री न लागलेलं, आणि त्याच्या कडेला गाठींचे सुईच्या टोकाएवढे ठिपके होते.

ते फिनेललाही दिसले. “छे, परत आल्या!” म्हणत त्याने खणातून कात्री काढली.

वहिनीने त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती.

“ठेव ती खाली. ठेव म्हणते ना! या झाडाला पुन्हा हात लावलास तर तुझी बोटं कापीन.”

कात्री टेबलावर पडली. कुंडी पोटाशी घट्ट धरून ती निघाली, फरशीभर चिखल उमटवत.

“अहो वहिनी,” मागून फिनेल ओरडला, “निदान हात तरी धुवा!”