हजेरीचं पान

नऊ वर्षांपूर्वी लिहिलेलं एक वाक्य लिओना ड्रायलिंगच्या जिव्हारी लागलं होतं, आणि ते लिहिणारा माणूस आता तिच्या शेजारच्या खुर्चीत बसत होता. नशीब म्हणतात ते हे असं!

तेव्हा लिओना पश्चिम कॅन्सासमधल्या एका छोट्या कोर्टात न्यायाधीश होती. बर्फाने रस्ते बंद झाले म्हणून तारखेला पोचू न शकलेल्या एका माणसाचा खटला तिने पुन्हा उघडला होता. प्रकरण टोपेकाला, राज्याच्या अपील न्यायालयात गेलं. तिथल्या वेन्डेल थॉर्न यांनी तिचा हुकूम फिरवला आणि वर लिहिलं, ‘न्यायाधीशबाईंचं मन मोठं आहे, पण मोठं मन म्हणजे कायदा नव्हे. तारखेला गैरहजर राहिलेल्याचं कारण ऐकायला कोर्ट बांधील नाही.’ वकिलांनी ते मिटक्या मारत वाचलं. हेज गावी राहणारी तिची बहीण बर्नाडेट तर फोन उचलला की पहिलं हेच विचारायची, “काय मग, मोठ्या मनाच्या बाई, जेवलात का?”

हसण्यावारी नेलं, पण सल गेला नाही. आणि मग, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, राज्यपालांनी लिओनाला त्याच अपील न्यायालयावर नेमलं. एकोणिसाव्या वर्षी कोर्टात कारकून म्हणून लागलेली पोरगी, दिवसभर टाइप करून उरलेल्या वेळात कायदा शिकलेली, ती आता थॉर्नसाहेबांच्या बरोबरीने काळा झगा घालून बसू लागली. बर्नाडेटने त्या दिवशी चाळीस बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, भाजून आणले होते. थॉर्नसाहेबांनी दोन खाल्ले. जुन्या निकालाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या वर्षी डार्ला वर्थचं अपील आलं.

डार्ला मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करायची. तिची पाच वर्षांची मुलगी सरकारच्या ताब्यात होती, आणि ती परत द्यायची की आईचा हक्क कायमचा काढून घ्यायचा, याची सुनावणी सकाळी नऊला होती. डार्ला पोचली साडेअकराला. तोवर हक्क गेला होता. धुळीच्या वादळाने हायवे बंद होता, असं ती रडून सांगत राहिली. खालच्या न्यायाधीशांनी थॉर्नसाहेबांचं ते वाक्य वाचून दाखवलं आणि फाइल मिटली.

तीन न्यायाधीश खोलीत बसले, की सर्वांत नव्याने आधी बोलायचं, म्हणजे मोठ्यांच्या मताचं दडपण येत नाही. लिओना म्हणाली, “हा निकाल टिकू नये. एका सकाळीत आईचं आईपण काढून घेता येत नाही.”

“परत मन?” थॉर्नसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले.

तिसरे एस्तेबान रुईझ. भला माणूस, पण भांडणाला घाबरणारा. “नियम स्पष्ट आहे, लिओना,” ते म्हणाले. दोनास एक. निकाल थॉर्नसाहेबांनी लिहायचा आणि लिओनाने, हवं तर, आपलं विरोधी मत.

लिओना तणतणतच आपल्या खोलीत आली. विरोधी मत म्हणजे काय? हरलेल्याने मारलेली हाक. त्याने डार्लाची मुलगी घरी येणार नव्हती. तरी तिने फाइल पहिल्या पानापासून उघडली. हे पहिलं पान कोणी वाचत नाही. कोण कधी आलं, कामकाज कधी सुरू झालं, असल्या कारकुनाने टाइप केलेल्या नोंदी असतात. पण लिओनाने स्वतः अशी हजारो पानं टाइप केली होती. आपली पानं कोणीतरी वाचावीत असं तिला तेव्हा फार वाटायचं.

तिने वाचलं, आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिली.

‘कामकाज नऊऐवजी दहा चाळीसला सुरू. वादळाने हायवे बंद असल्याने माननीय न्यायाधीशांना उशीर.’

“अरे वा रे वा!” ती एकटीच मोठ्याने म्हणाली. “आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून!”

तिचं विरोधी मत दीड पानाचं झालं. मन हा शब्द तिने त्यात कुठेही येऊ दिला नाही. नोंद जशीच्या तशी उतरवली आणि खाली विचारलं, की ज्या धुळीने न्यायाधीशांना शंभर मिनिटं माफ केली, ती धूळ आईला का माफ करत नाही? आणि हजेरीचं ते पान जोडून तिने मत दोघांकडे पाठवून दिलं.

आठवडा गेला, दोन गेले. थॉर्नसाहेबांचा मसुदा काही येईना. तिसऱ्या सोमवारी दारावर टकटक झाली. म्हातारा स्वतः उभा होता, हातात खाडाखोड केलेले कागद.

“लिहून होत नाही,” ते म्हणाले. “पाच वेळा लिहिला. तुमच्या त्या पानापाशी आलो की पुढचं वाक्य खोटं वाटतं. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.”

“मग?”

“मग काय! तुम्ही लिहा निकाल. मी सही करतो. रुईझही करतोय. मघापासून जिन्यात उभा आहे, आत यायला लाजतोय.”

लिओनाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. तिने आवरायचा प्रयत्नही केला नाही.

निकाल लागला, तिन्ही सह्यांनी. जुना हुकूम रद्द, नव्याने सुनावणी, आणि आईचं म्हणणं ऐकून घ्यायचं. शेवटी थॉर्नसाहेबांनी आपल्या नावाने चार ओळी वेगळ्या जोडल्या होत्या: ‘नऊ वर्षांपूर्वी न्यायाधीश ड्रायलिंग यांचा हुकूम मी फिरवला होता. त्या बरोबर होत्या. मी चुकलो होतो. ते वाक्य यापुढे कोणी वाचून दाखवू नये.’

निकाल छापून आला त्या दिवशी बर्नाडेट फोनवर नुसती किंचाळली.

वसंतात खालच्या कोर्टाकडून कागद आले. वरच्या कोर्टाचे न्यायाधीश पक्षकाराला कधी भेटत नाहीत, भेटतो तो कागदच. लिओनाने सवयीने पहिलं पान काढलं.

‘कामकाज नऊला सुरू. न्यायाधीश हजर. आई हजर: पहाटे पाच वीस, कोर्टाच्या आवारात, गाडीत.’

आणि त्याखाली, त्याच कारकून पोरीच्या टाइपात: ‘अकरा पाच. मुलगी आईच्या ताब्यात. दोघी निघाल्या.’

लिओना ते पान हातात घेऊन थॉर्नसाहेबांच्या खोलीत गेली, न विचारता आत शिरली आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. “हे टाइप करणारी पोरगी कोण आहे हो?” ते म्हणाले. “पुढेमागे न्यायाधीश होईल.”