भरलेली टाकी

दवाखान्यासमोर गाड्या थांबल्या तसा इंजिनिअर इस्मतुल्लाचा जीव भांड्यात पडला. अमेरिकी सरकारच्या तपासणी पथकात स्वतः नोकरी करूनही तिथल्या तपासनीस हॉलिस साहेबाला या खोऱ्यापर्यंत आणता आणता त्याच्या नाकी नऊ आले होते. कंत्राटदाराने दवाखान्याच्या विहिरीचं बिल लावलं होतं, पण विहीर खणलीच नव्हती. बाळंतिणींच्या नशिबी नदीचं गढूळ पाणी. साहेबाने आज कोरडा नळ पाहिला, की त्या लबाडाला विहीर खणावीच लागणार होती.

साहेबाने नळ फिरवला. धो धो पाणी!

"पाणी तर आहे," म्हणत साहेबाने फोटो काढला आणि वहीत तशी नोंद केली.

इस्मतुल्ला सुईणीकडे वळला. "माहजबीन खाला, हे पाणी आलं कुठून?"

"नदीवरून! बाया पहाटेपासून कॅन वाहून टाकी भरतायत. पाहुणा जेवायला बसणार, आणि हात धुवायला पाणी नाही? गावाचं नाक कापायचंय का?"

"अगं खाला, कोरडा नळ दाखवायलाच आणलंय ना त्याला!" त्याने कपाळावर हात मारला. आता या बाईला काय म्हणावं!

त्याने साहेबाला सगळं सांगितलं. साहेब थंडपणे म्हणाला, "मी पाहतो तेच लिहितो. पुरावा आहे?"

"चला, चला! इथे जास्त थांबायचं नाही!" दारातला साहेबाचा बंदूकवाला रक्षक ओरडला.

इस्मतुल्लाचं डोकंच फिरलं. त्याने दवाखान्यातले सगळे नळ सोडले. "थांबा साहेब. विहीर असेल तर हे पाणी संपणार नाही."

खाला धावत आली. "बंद कर मेल्या! आत झरमीना कळा देतेय!"

त्याने नळावरचा हात काढला नाही. खाला त्याचा हात ओढत राहिली, शिव्या देत राहिली. धार बारीक झाली, नळ गुरगुरला आणि कोरडा पडला. साहेबाने आधीचं खोडून लिहिलं, 'विहीर नाही.' मग न जेवताच तो गाडीकडे निघाला.

इस्मतुल्लाला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात आतून झरमीनाची किंकाळी आली.

खालाने रिकामा कॅन त्याच्या छातीवर आदळला. "विहीर यायची तेव्हा येईल. बाळ आत्ता येतंय. जा, पळ!"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. इस्मतुल्लाने गळ्यातला टाय काढून खिशात कोंबला आणि कॅन घेऊन नदीकडे पळत सुटला.