मोनाचा दुसरा नमुना

कृष्णातने रिपोर्टचा कागद दवाखान्याच्या खिडकीच्या उजेडात धरला आणि तळच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

“वर धोका कमी लिवलाय. हितं काय लिवलंय?”

“नमुन्यात रक्त जास्त होतं, असं,” डॉक्टर नुजहत म्हणाल्या. “पण चाचणी झालीय.”

सहा वर्षांच्या मोनाला रक्ताचा कॅन्सर होता. तिच्या हाडातून सुईने काढलेल्या मगजात कोणती जनुकं किती जोमाने काम करताहेत हे मोजलं, की रोग किती चिवट ते कळतं, आणि पुढची औषधं साधी की जहाल ते त्यावर ठरतं, हे डॉक्टरांनी त्याला आधीच समजावलं होतं.

कृष्णात कागलजवळच्या दूध संस्थेत बावीस वर्षं दुधाची फॅट मोजत होता. कॅन न ढवळता वरवरचं दूध घेतलं तरी यंत्र आकडा देतंच, आणि तो खोटा असतो. “ढवळल्याबिगर लिवणार न्हाय,” म्हणत त्याने भल्याभल्यांशी वाकडं घेतलं होतं. सुट्टीत मोना शेजारी उभी राहून प्रत्येक कॅनची फॅट “किती लागली?” म्हणून विचारायची.

“नमुनाच नीट न्हवता, तर आकडा कशाचा आला, म्याडम?”

डॉक्टरांनी कागद पुन्हा वाचला. मग लॅबला फोन लावला आणि नमुना कुठल्या सिरिंजमधला ते विचारलं.

“पहिल्या सिरिंजमधला मगज दुसऱ्या तपासणीला गेला. या चाचणीला शेवटचा आला, त्यात रक्त मिसळलं. चूक आमची आहे. परत घ्यायचा तर आजच. उद्या पहिलं औषध सुरू झालं की मगज बदलतो, मग उपयोग नाही.”

“चांगला आलाय न्हवं रिपोर्ट?” त्याची बायको अनुजा उठलीच. “परत टोचणार पोरीला? किती वरडली मागल्या खेपंला. कोण धरणार तिला?”

“मी धरतो,” कृष्णात म्हणाला.

सहाव्या दिवशी दुसरा रिपोर्ट आला. धोका जास्त होता. पुढची औषधं जहालच द्यावी लागणार होती. अनुजाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

आत मोना खाटेवर बसून होती.

“पप्पा, माझी किती लागली?”

कृष्णात तिच्याजवळ टेकला.

“वाईट लागली, बाळा. पर ह्यावेळी खरी लागली.”

“ढवळून घेतली व्हय?”

“व्हय.”

“मग लिवा की,” मोना म्हणाली आणि सलाईनसाठी तिने हात पुढे केला.